उरते तेच उमटते

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी साफसफाई चालू असताना माळ्यावर बारदानात गुंडाळलेला एक लाकडी ठोकळा सापडला. वीतभर लांब, चार बोटे रुंद, सागवानी, मागे धरण्यासाठी मूठ. पुढच्या बाजूस कलशाची आकृती आणि तिच्याखाली तीन अक्षरे, तीही उलटी कोरलेली. जालन्याच्या बाजारात आमच्या आजोबांची आडत होती. तेथून बाहेरगावी जाणाऱ्या पोत्यांवर दुकानाचा मार्का उमटवला जात असे, एवढे वडिलांकडून ऐकलेले होते. तो ठसा मात्र मी प्रथमच हातात घेत होतो. सहावीत शिकणारी नात शेजारी उभी होती. तिने विचारले, "दादाजी, यावर उलटं का लिहिलंय?"

छापल्यावर सुलटे दिसावे म्हणून, असे मी सांगितले. तिने लगेच म्हटले, "मग छापून दाखवा."

शाईच्या पॅडवर ठसा टेकवला आणि एका जाड कागदावर जोराने दाबला. उमटला तो नुसता डाग. कलश ओळखू येईना, अक्षरांपैकी एकही धड नाही. बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. तारखेचा शिक्का, रोख मिळाल्याचा शिक्का, शाखेचा गोल शिक्का यांनीच दिवस सुरू होई आणि संपे. इतकी वर्षे शिक्के मारूनही ठसा कसा उमटतो हे आपण कधी समजून घेतले नाही, याची त्या संध्याकाळी जाणीव झाली. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारींना त्यामुळे एक काम मिळाले. त्यात जे शिकलो, ते घरोघरी उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे.

उठावाचे तत्त्व

या पद्धतीला उठाव मुद्रण म्हणतात. तत्त्व अगदी सोपे आहे. सपाट पृष्ठभागावरून जे नको ते कोरून काढायचे. जे उरते ते उंच राहते. त्या उंच भागावर शाई लावून कागद दाबला की तेवढेच उमटते. खोल भागाला शाई लागत नाही, म्हणून तो कोरा राहतो. बँकेचा रबरी शिक्का, कापडावर नक्षी छापणाऱ्यांचे लाकडी ठसे आणि छापखान्यातले शिशाचे खिळे ही सगळी याच कुळातली मंडळी.

बारदानावर पत्र्याच्या छापानेही मार्का काढतात, पण तो प्रकार निराळा. तेथे पत्र्यात कापलेल्या भोकांतून रंग खाली जातो. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झालेल्या छापखान्यातली देवादिकांची चित्रेही निराळ्या रीतीची. ती शिळाछापाची होती. शिळाछापात दगड सपाटच राहतो, उंच-खोल असे काही नसते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या गुणावर ते सारे काम चालते.

उठाव मुद्रणाची खूण पाहायची असेल तर घरातली एखादी जुनी, खिळ्यांवर छापलेली स्तोत्रपुस्तिका किंवा लग्नपत्रिका काढावी. पान उलटून मागच्या बाजूने हलकेच बोट फिरवावे. अक्षरांचे दाब अनेकदा बोटाला लागतात. ऑफसेटवर छापलेल्या आजच्या पत्रिकेत असा दाब लागत नाही. त्या छापखान्यांतले खिळे जुळवणारे कामगार उलटी अक्षरे आपण सुलटी वाचतो तितक्या सहजतेने वाचत असत.

उलटे कोरण्याची ही विद्या महाराष्ट्रात रुजायला बरेच श्रम पडले. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासात नाना फडणवीसांना छपाईचे महत्त्व उमगले आणि एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे कोरण्याचे काम शिकवण्यात आले. १८०० मध्ये नाना निवर्तले. पुढे त्या तांबटाला मिरजेच्या पटवर्धनांनी आश्रय दिला आणि १८०५ मध्ये मिरजेत भगवद्गीता छापली गेली. भांडी घडवणारा एक कारागीर ग्रंथ छापण्यापर्यंत पोहोचला, तो हातातल्या कसबाच्या जोरावर. हत्यार आणि धातू त्याच्या ओळखीचेच होते. नवे होते ते अक्षर उलटे पाहणे.

साहित्य घरातलेच

शाळेत ठसेकाम शिकवताना मुलांना बहुधा बटाटा आणायला सांगतात. आपल्याकडील पुष्कळ घरांत कंदमूळ येत नाही, आणि मग मूल एक तर रिकाम्या हाताने शाळेत जाते किंवा शेजाऱ्यांकडे मागते. भेंडीचा आडवा काप पाच पाकळ्यांच्या फुलासारखा उमटतो खरा, पण तिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरात तोही प्रश्नच. वास्तविक या कामाला भाजी लागतच नाही. शिवाय बटाट्याचा ठसा दुसऱ्या दिवशी सुकून वाकतो. पुढे दिलेल्या वस्तूंचे ठसे मात्र बरेच दिवस टिकतात.

पहिली वस्तू खोडरबर. पाच-दहा रुपयांचा, पांढरा, मऊ आणि जरा मोठा घ्यावा. तो लोण्यासारखा कापला जातो आणि शाई चांगली धरतो. शिकण्याची सुरुवात येथूनच करावी.

दुसरी वस्तू जुन्या रबरी चपलेचा तळ. धुऊन, वाळवून, सपाट भाग कापून घ्यावा. कात्रीने आकार कापून लाकडी ठोकळ्यावर चिकटवला की ठसा तयार. यात कोरायचे काहीच नसल्याने लहान मुलांना तो सोपा जातो.

तिसरी वस्तू पॅकिंगमध्ये येणारा थर्माकोलचा पातळ, गुळगुळीत तुकडा. संपलेल्या बॉलपेनने त्यावर दाबून चित्र काढावे. रेघ खोल जाते, म्हणून छापात ती कागदाच्या रंगाची दिसते आणि भोवतालचा भाग रंगतो. पाते लागत नसल्याने सहा-सात वर्षांच्या मुलालाही हे काम निर्धास्त देता येते.

चौथी वस्तू पुठ्ठा. जालना बियाण्यांचे गाव. येथे चांगल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. पुठ्ठ्याचे आकार कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावे. आकार उंच, पाया खोल. एखाद्या ठोकळ्याला सुतळी गुंडाळली तरी सुंदर रेषा उमटतात. झाडाखाली गळून पडलेले पिंपळाचे पान शिरांच्या बाजूने रंगवून छापले, तर कोणत्याही कोरक्याला साधणार नाही इतके बारीक जाळे कागदावर येते.

कोरण्याची रीत

खोडरबराच्या आकाराची चौकट कागदावर आखून तिच्यात मऊ शिसपेन्सिलीने चित्र किंवा अक्षर सुलटेच काढावे. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून पाठीवरून नखाने घासावा. शिसे रबरावर उतरते, आणि उतरते ते उलटे. म्हणजे उलटे लिहिण्याची कसरत करावीच लागत नाही. ही युक्ती समजण्यापूर्वी मी 'श्री' हे अक्षर तीन वेळा कोरले होते आणि तिन्ही वेळा ते छापात उलटे आले होते.

कापण्यासाठी साधा पेपर कटर चालतो. पुढे हौस वाढली तर चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात लाकडी मुठीच्या कोरण्यांचा संच मिळतो. पाते रेघेपासून बाहेरच्या बाजूस तिरपे धरावे. त्यामुळे उरलेली रेघ डोंगरासारखी वर अरुंद आणि पायाशी रुंद राहते. पाते आतल्या बाजूस झुकले तर रेघेचा पाया पोखरला जातो आणि दाब पडताच ती मोडते. एक नियम कधीही मोडू नये: पाते ज्या दिशेने जात आहे, त्या दिशेला दुसरा हात असता कामा नये. मुलांच्या हाती पाते देताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे. त्या वेळी फोन घेऊ नये.

खोडरबराला शाईचे पॅड पुरते. मोठ्या ठशाला मात्र घट्ट शाई हवी. एखाद्या छापखान्यातून चमचाभर काळी शाई मागून आणावी. ती काचेच्या किंवा गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर घ्यावी आणि रबरी रुळाने पसरावी. थर इतका पातळ असावा की रूळ फिरताना बारीक चर्र आवाज यावा. शाई जास्त झाली की ती खोल भागात उतरते आणि चित्र बुजते. आमच्या ठोकळ्याचा पहिल्या दिवशी डाग उमटला, त्याचे एक कारण हेच: पॅडची पाण्यासारखी शाई खाचांत शिरली होती. दुसरे कारण जाड कागद आणि कडक टेबल.

मोठा ठसा कागदावर आपटू नये. ठसा टेबलावर उताणा ठेवून, शाई लावून, त्यावर पातळ पण चिवट कागद अलगद पसरावा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासावे. सगळीकडे दाब बसला की नाही हे पाहायला एक कोपरा उचलावा. उणे असेल तेथे पुन्हा घासावे. दुसरा कोपरा हलू देऊ नये, नाहीतर अक्षर दुहेरी येते. काम झाल्यावर तेलाची शाई खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसून मग साबणाने धुवावी. रॉकेल रबराला घातक आणि मुलांच्या हातांनाही.

जवस, बूच आणि ताग

खोडरबरावर हात बसला की पुढची पायरी लिनोलियमची. मूळची ही फरशीवर अंथरण्याची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने १८६० च्या दशकात तिचे पेटंट घेतले. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली चिवट साय पाहून त्याला ही कल्पना सुचली. घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ आणि बुचाचा भुसा एकत्र मळून तागाच्या कापडावर थापले की लिनोलियम होते. जवस आणि ताग या दोन्ही वस्तू आपल्या बाजाराच्या रोजच्या ओळखीच्या. लाकडाला रेषा असतात, त्या रेषांविरुद्ध पाते अडते. लिनोलियमला रेषाच नसल्याने पाते कोणत्याही दिशेला वळते. थंडीत ते कडक होते, तेव्हा दहा मिनिटे उन्हात ठेवले की मऊ पडते. आपल्या मराठवाड्यात ही सोय बाराही महिने आहे.

सुरुवातीला मोठ्या चित्रकारांनी या स्वस्त वस्तूकडे पाहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नातले कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी ती मुलांच्या हाती दिली. पुढे पिकासोसारख्या चित्रकारानेही लिनोलियम कोरले. आपल्या देशात १९३० मध्ये नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेतल्या गांधीजींचे लिनोचित्र केले: काळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेषांनी उभी राहिलेली, काठी टेकत चालणारी आकृती. ते पाहिले की कोरणे म्हणजे काय ते कळते. जेथे पाते फिरले तेथे उजेड आला, आणि जे तसेच ठेवले ते काळे राहिले. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'सहज पाठ' या बालपुस्तकासाठीही नंदलालांनी लिनोचित्रे केली.

साध्या साहित्यावर सारे आयुष्य काढणारा चित्रकार आपल्या मुंबईतच होऊन गेला. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचा जन्म १९१५ चा, बंगालमधला. १९४३ च्या दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले. भुकेने मरणाऱ्या माणसांची रेखाचित्रे आणि वर्णने यांचे पुस्तक त्यांनी काढले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. पुढे ते मुंबईत आले आणि अंधेरीत अनेक वर्षे हलाखीत राहिले. लिनोलियमचा तुकडा, पाते, शाई आणि साधा कागद यांवर त्यांनी शेतकरी, मजूर आणि विशेषतः कष्ट करणारी मुले कोरली. एका ठशावरून अनेक प्रती निघतात, म्हणून चित्र गरिबाच्या घरीही जाऊ शकते, हा या माध्यमाचा गुण त्यांनी पुरेपूर ओळखला होता. परीकथा न मिळालेल्या मुलांवरची त्यांची लिनोचित्रांची मालिका १९६९ मध्ये डेन्मार्कमधील युनिसेफ समितीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९७८ मध्ये ते गेले. साहित्य महाग नाही म्हणून काम हलके ठरत नाही, हे त्यांच्या चित्रांकडे पाहिले की पटते.

चुकीचा हिशेब

या कामाने मुलांना काय मिळते, असे काही पालक विचारतात. माझा अनुभव सांगतो. नातीने पहिल्यांदा पतंग कोरला आणि घाईत त्याची शेपटीच कापून टाकली. तिने माझ्याकडे पाहिले. मोबाइलवर चुकले की मागे जाता येते. येथे कापलेले परत येत नाही. खतावणीत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते, दुसरी नोंद करून दुरुस्त करायची असते, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. तिनेही तेच केले. उरलेल्या जागेत ढग कोरले आणि शेपटी ढगांत गेल्यासारखी दाखवली. दुसऱ्या खेपेस पाते लावण्याआधी ती पाच मिनिटे नुसती पाहत बसली. हे पाहत बसणे मला कोणत्याही उपदेशाने तिला शिकवता आले नसते.

मुद्राचित्रावर खाली पेन्सिलीने क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे. ३/१२ म्हणजे एकूण बारा प्रतींपैकी तिसरी. ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रती काढायच्या नाहीत, हा चित्रकाराचा शब्द. आपल्या मंडळींना शब्दाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उपयोग तर पुष्कळ. संवत्सरीची क्षमापना पत्रे, वाढदिवसाची कार्डे, भेटीच्या पाकिटांवरचे चिन्ह, नव्या वह्यांवरचे शुभ-लाभ. तीनशे जणांना एकदम पाठवलेल्या संदेशापेक्षा हाताने घासून छापलेले एक पत्र घरात जास्त दिवस राहते.

तिसरे अक्षर

आता पुन्हा त्या सागवानी ठोकळ्याकडे. कोरड्या ब्रशने खाचांतली धूळ आणि सुकलेली शाई काढली. खाली घडी घातलेले कापड, वर पातळ थर देऊन लावलेली शाई, त्यावर चिवट कागद आणि चमच्याची पाठ. या वेळी कलश स्पष्ट आला. लाकडाला गेलेली बारीक चीरसुद्धा पांढऱ्या रेघेसारखी दिसली. पहिली दोन अक्षरे नीट उमटली. तिसरे मात्र अर्धेच आले. कितीही घासले तरी खालचा अर्धा भाग कोराच राहिला, कारण तेथले लाकूड झिजून खाली गेले होते.

नात म्हणाली, ते अक्षर पुन्हा कोरू या. मला तसे करता येईना. उठावाच्या ठशात काढता येते, वाढवता येत नाही. ते एक अक्षर दुरुस्त करायचे तर बाकी सारा पृष्ठभाग तासून त्याच्या पातळीला आणावा लागला असता, म्हणजे आजोबांचा कलशही गेला असता. ठसा आहे तसाच ठेवला. बारा प्रती काढल्या, खाली क्रमांक लिहिले आणि ज्या घरांचे आजोबा-पणजोबा त्या दुकानात एकत्र बसत होते त्या घरी पाठवल्या.

एक प्रत आमच्या काकांना स्वतः नेऊन दिली. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि अर्ध्या अक्षरावर बोट ठेवले. अक्षर नीट आले नाही म्हणून मी सांगू लागलो, तर त्यांनी मला थांबवले. म्हणाले, "हे तर आमच्या लहानपणीच गेलं होतं. वखारीत शंभर दुकानांची पोती असायची. आमच्या कितीतरी हमालांना वाचता येत नव्हतं, पण ही तुटकी खूण बघून ते आपली पोती बरोबर बाजूला काढायचे."

वाचकहो, यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावरचे लाकडाचे तुकडे भंगारात देण्यापूर्वी एकदा उलटे करून पाहावेत. एखाद्यावर उलटी अक्षरे असतील. थोडी शाई, एक पातळ कागद आणि एक चमचा एवढ्यावर ती पुन्हा वाचता येतील. त्या वेळी घरातल्या मुलांना शेजारी बसवायला मात्र विसरू नये.